पांढरीच्या आधी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत इतिहासाची गोष्ट निघाली म्हणजे बोलणारा सहसा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापासून किंवा मिरजेच्या किल्ल्यापासून आरंभ करतो. कोणाच्या घरी माळ्यावर रुमालात बांधलेले दफ्तर असते, कोणापाशी पाटीलकीचा महजर, कोणापाशी इनामाची सनद. आणि या कागदांच्या आधाराने गावाच्या पांढरीचा व काळीचा वृत्तान्त तीनशे-चारशे वर्षे मागे नेता येतो. त्याहीपलीकडे जावयाचे तर कऱ्हाडचे नाव मदतीला येते. मध्य प्रदेशातील भारहुत येथील स्तूपावर करहकट नगराच्या निगमाने दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कृष्णा-कोयनेच्या संगमावरील हे गाव इतके संपन्न होते, की तेथील व्यापारी-कारागिरांचा संघ शेकडो कोसांवरच्या धर्मस्थानाला देणगी पाठवू शकत होता. अक्षर येथे संपते. त्यामागचा सारा मुलूख अक्षराविना आहे, आणि मला त्याच मुलखाविषयी लिहावयाचे आहे. कारण माझी अशी धारणा आहे की कोठे नांगर धरावा आणि कोठे मेंढरे हाकावीत हा आपल्या गावगाड्याचा मूळ निवाडा कोणत्याही राजाच्या कारकिर्दीत झालेला नसून, त्या अक्षरहीन काळातच होऊन चुकलेला आहे.

पांढरी आणि काळी हे शब्द आज महसुलाच्या जुन्या कागदांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तेवढे उरले आहेत. पांढरी म्हणजे गावठाणाची जमीन आणि काळी म्हणजे पिकाची. गावठाणाची माती पांढरी का, तर चुलींची राख, गोठ्यांतील शेण, सारवणाचे थर, पडलेल्या भिंतींचा गिलावा, खापरे, हाडे असे सर्व काही पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी साचत गेल्यामुळे तिचा रंग फिकट, राखाडी होतो, आणि ती भोवतालच्या काळ्या रानात दुरूनही ओळखू येते. पुरातत्त्वज्ञ ज्याला प्राचीन वसाहतीचे टेकाड म्हणतो, त्याला आपला शेतकरी पांढरीचे टेकाड म्हणत आला आहे, आणि या बाबतीत शेतकऱ्याचा शब्द अधिक अर्थवाही आहे असे मला वाटते. मात्र पांढरी साचावयाची तर माणसाने एका जागी राहिले पाहिजे, आणि या खोऱ्यात माणूस प्रथम आला तो राहावयास आला नव्हता.

मनुष्यप्राण्याच्या पूर्वजांनी दगड फोडून त्याची धार वापरावयास आरंभ केला त्याचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पुरावा आफ्रिकेतील केनिया देशात, तुर्काना सरोवराच्या पश्चिमेस, लोमेक्वी येथे मिळाला असून तो सुमारे ३३ लक्ष वर्षांपूर्वीचा आहे. भारतात तमिळनाडूमधील अत्तिरमपाक्कम येथील हातकुऱ्हाडींचे वय शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली सुमारे १५ लक्ष वर्षे असे प्रसिद्ध केले, आणि कृष्णेच्याच विस्तृत खोऱ्यात, कर्नाटकातील हुणसगी भागात, इसामपूर येथे के. पद्दय्या यांनी उजेडात आणलेली दगडी हत्यारांची कार्यशाळा सुमारे १२ लक्ष वर्षांची मानली जाते. हा काळ मनात धरूनच आपल्या नदीकडे पाहावे. महाबळेश्वरी उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली अशी उतरत जाणारी कृष्णा ज्या काळ्या खडकावरून वाहते, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्हारसाचा थरावर थर चढून बनलेला आहे. माणूस येण्याच्या कितीतरी आधी नद्यांनी तो खडक कापून आपापली पात्रे सिद्ध केलेली होती.

सह्याद्रीची भिंत पश्चिमेचा पाऊस अडविते. महाबळेश्वरी वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तेथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर माणदेशातील म्हसवडच्या माळावर तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. एकाच जिल्ह्याच्या हद्दीत, म्हणजे पायी चालणाऱ्याला चार-पाच दिवसांच्या वाटेवर, इतका फरक फार थोड्या प्रदेशांत आढळेल. पश्चिमेला जावळी-पाटणचे दाट रान, मध्ये कृष्णेची गाळाची पट्टी, पूर्वेला खटाव, माण, आटपाडी, कवठे महांकाळ, जत अशी कुसळी गवताची माळराने: हा क्रम पावसाने लावून दिलेला आहे, आणि पाऊसमान वेळोवेळी कमीअधिक झाले तसे हे पट्टे पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकले, एवढाच काय तो फेरफार. या पट्ट्यांवरून माणसाची जी ये-जा चालू राहिली, तोच आपल्या प्रदेशाचा प्रागितिहास होय.

या काळ्या खडकाच्या मुलखात आदिमानव राहिलाच नसावा, असा समज अभ्यासकांत बराच काळ होता. त्याला कारणही तसेच होते. भारतात पुराणाश्मयुगाचा शोध लावणारे भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे जे पहिले हत्यार मिळाले ते गारेच्या जातीच्या, कठीण खडकाचे होते. तसा खडक जेथे नाही तेथे हत्यारेही नसावीत, असा तर्क पुढे रूढ झाला. फूट यांनी दक्षिण महाराष्ट्राच्या, म्हणजे त्या वेळच्या साहेबी दफ्तरातील ‘सदर्न मराठा कंट्री’च्या, भूरचनेवर १८७६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मलप्रभा-घटप्रभेच्या तीरांवरील हत्यारांची नोंद आहे, आणि त्याच्या दोन वर्षे आधी त्यांनी गोकाकजवळ चिकडौली येथील नाल्याच्या गाळात सापडलेल्या गेंड्याच्या अश्मीभूत अवशेषांचे वर्णन करून त्या जातीला दख्खनचे नाव दिले. गेंडा हा पाणथळ जागेचा आणि उंच गवताचा प्राणी. ज्या घटप्रभेच्या काठी आज उसाची शेते आहेत, तेथे एके काळी गेंडा चरत होता, ही गोष्ट मला कोणत्याही लढाईच्या वर्णनाहून अधिक रोमांचकारक वाटते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ सालापासून अध्यापन करणारे हसमुख धीरजलाल सांकळिया आणि त्यांचे शिष्य यांनी हा समज पुसून काढला. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या काठी आणि पुढे नेवासे येथे प्रवरेच्या काठी त्यांना पुराणाश्मयुगीन हत्यारे गाळाच्या थरात मिळाली, आणि ती ह्याच काळ्या खडकाची होती. पूर्वीच्या शोधकांना ती दिसली नाहीत याचे कारण असे, की बेसॉल्ट हवापाण्याने झिजतो, त्याच्या पृष्ठभागावर करड्या रंगाची साल धरते, धार बोथट होते, आणि लाख वर्षांपूर्वी कोणी घडविलेली हातकुऱ्हाड वाटेवरच्या धोंड्यासारखी दिसू लागते. जाणत्याने मात्र पाहताक्षणी ओळखावी: दोन्ही अंगांनी टवके काढलेले, एक टोक निमुळते आणि दुसरे मुठीत बसेल असे गोल. तोच आकार आफ्रिकेत, तोच अत्तिरमपाक्कमला आणि तोच नेवाशाला. कारण तो घडविणाऱ्याने, दगडाला हात घालण्यापूर्वीच, आपल्याला काय हवे ते मनाशी ठरविलेले होते.

सांगलीकरांना या आदिमानवाची भेट घ्यावयाची तर फार दूर जावे लागत नाही. मिरजेच्या दक्षिणेस, राज्याच्या सरहद्दीपलीकडे, बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी भागात कृष्णेच्या काठी येडूर आहे. तेथील वीरभद्राच्या दर्शनाला इकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जात आले. त्याच परिसरातील येडूरवाडी येथे नदीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाडी सापडल्या, आणि त्या थरांत तयार झालेल्या चुनखडीच्या खड्यांचे वय युरेनियम व थोरियम या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून काढले असता ते साडेतीन लक्ष वर्षांच्या पलीकडे गेले. शेतकरी ज्या चुनखडीच्या खड्यांना कंटाळून ते बांधावर फेकतो, त्यांनीच येथे पंचाची साक्ष दिली. नदी एके काळी आजच्यापेक्षा उंचावरून वाहत होती, तिच्या काठच्या दरडीत पांढुरके, पिवळसर आणि काळे असे जे पट्टे उघडे पडतात ते एकेका युगाचे आहेत, आणि दरडीच्या तळाशी घट्ट बसलेला गोट्यांचा थर बहुधा त्या सर्वांत वृद्ध असतो. ही वाचनपद्धती एकदा कळली म्हणजे माहुलीपासून हरिपूरपर्यंत कोठेही काठावर उभे राहिले तरी नदीचे ते उभे दफ्तर वाचता येऊ लागते.

तो हत्यारे घडविणारा मनुष्य दिसावयास कसा होता, याचे उत्तर आपल्या खोऱ्याने दिलेले नाही. काळ्या खडकाच्या प्रदेशात इतक्या जुन्या माणसाची हाडे टिकलेली नाहीत. भारतात त्याची कवटी मिळाली ती नर्मदेच्या काठी, हथनोरा येथे, ५ डिसेंबर १९८२ रोजी, भूगर्भशास्त्रज्ञ अरुण सोनकिया यांना. कपाळाच्या खाली भुवयांचे हाड पुढे आलेले, पण मेंदूची पोकळी बरीच मोठी, अशी ती कवटी आजच्या मानवाची नव्हे आणि अगदी आरंभीच्या मानवाचीही नव्हे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे हत्यारांच्या सान्निध्यात ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळला, आणि त्या राखेच्या वयावरून विद्वानांत मोठा वाद माजला: कोणी ती चौदा लक्ष वर्षांपूर्वीची ठरविली, तर कोणी सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची. मला या वादाचा निकाल लावावयाचा नाही. परंतु समुद्रापलीकडच्या डोंगराची राख वाऱ्यावर वाहत येऊन सह्याद्रीच्या ओढ्यांत साचावी, आणि तिच्या खालीवर माणसाच्या हातच्या वस्तू असाव्यात, यावरून या भूमीचे नशीब दूरच्या जगाशी किती जुन्या काळापासून बांधलेले होते ते दिसते.

पुढे हवामान कोरडे होत गेले. उत्तर गोलार्धात हिमाचे थर सर्वाधिक पसरले, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली, मोसमी वारे दुबळे झाले, आणि महाराष्ट्राच्या पठारावर गवताळ माळ पसरला. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे श. अ. साळी यांनी १९७०नंतर केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला. हा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा, आणि नक्षी कोरणारा माणूस शरीराने व बुद्धीने तुम्हांआम्हांसारखाच. त्याने जड बेसॉल्ट टाकून दिला आणि त्याच खडकाच्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या गारगोट्या, अकीक, सूर्यकांत असे बारीक पोताचे दगड हाती घेतले. त्यांतून बोटाच्या पेराएवढी पाती काढावयाची, ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवावयाची, आणि त्यांचा बाण, विळा किंवा सुरी करावयाची, ही युक्ती इतकी सोयीची ठरली की पुढे तांबे आले तरी ती सुटली नाही. माणदेशातील म्हातारी माणसे कालपरवापर्यंत कंबरेच्या चंचीत चकमक आणि गारगोटी बाळगीत आणि कापसावर ठिणगी पाडून चिलीम पेटवीत. ही गारगोटी या मुलखातील माणसाची सर्वांत जुनी आणि सर्वांत दीर्घकाळ टिकलेली साथीदार म्हणावयास हवी.

या बारीक पात्यांच्या मागावर अक्षरशः पायी फिरलेला विद्वान म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. मूळचे गोव्याचे, पेशाने गणिती आणि पुण्यात स्थायिक झालेले कोसंबी टेकड्यांच्या उतारांवरून पाती वेचीत चालत, आणि वाटेत भेटणाऱ्या धनगरांना त्यांच्या वाड्यांच्या मुक्कामांविषयी विचारीत. (मेंढरांच्या तळाला आपल्याकडे वाडाच म्हणतात.) १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात त्यांनी असे दाखविले की पात्यांची ठिकाणे, धनगरांच्या वाटा आणि गावाबाहेर तिठ्यांवर शेंदूर माखून बसलेल्या मावल्यांची ठाणी यांची वारंवार जुळणी होते, आणि त्यावरून त्यांनी असा विचार मांडला की मेंढपाळांच्या व यात्रांच्या या वाटा शेतीहून जुन्या असून, पावसाळ्यात कोरड्या पूर्वेकडे आणि नंतर पुन्हा पश्चिमेकडे अशी फिरस्त्या शिकारी-पशुपालांची जी वर्षफेरी असे, तिच्याच त्या खुणा आहेत. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरास्नान करून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत आषाढात पूर्वेला जाते. भक्तीचे सामर्थ्य स्वयंसिद्ध आहे. त्यात तिच्या पायांखालची वाट हजारो वर्षांची असावी या विचाराने उणेपणा येत नाही, उलट तिला खोली प्राप्त होते. कोसंबींच्या सर्व अनुमानांना पुढील संशोधकांनी मान्यता दिली असे नाही. तथापि आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेला ज्याने एकदा जाऊन पाहिले आहे, पिवळ्या भंडाऱ्यात न्हालेले ते मेंढपाळ आणि त्यांचे ढोल ज्याने पाहिले-ऐकले आहेत, त्याला गाव वसण्याच्या आधीचे जग म्हणजे काय याची थोडी कल्पना येते.

आता शेतीकडे वळतो. आपल्या प्रदेशाला शेती दोन दिशांनी आली असे मानावयास जागा आहे. एक वाट दक्षिणेची. कृष्णेच्या खालच्या अंगाला, आज कर्नाटकात असलेले तेरदाळ हे गाव १९४८पर्यंत सांगली संस्थानाच्या एका तालुक्याचे ठाणे होते, आणि तेथे नवाश्मयुगीन वसाहतीचे अवशेष सापडलेले आहेत. ही संस्कृती गोपालकांची. रायचूर-बळ्ळारीकडे तिचे राखेचे प्रचंड ढिगारे आहेत, आणि ते ढिगारे म्हणजे गोठ्यांत साचलेल्या शेणाची वारंवार केलेली होळी होय, हे रेमंड ऑल्चिन यांनी १९५७ सालच्या उटनूर येथील उत्खननावरून सिद्ध केले. हे लोक घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी वापरीत, वशिंडाची गुरे पाळीत, आणि हुलगा, मूग व बारीक तृणधान्ये पेरीत. हुलगा हे याच भूमीचे धान्य आहे. ज्वारी आणि बाजरी, ज्यांच्या भाकरीवर आपला देश उभा आहे असे आपण मानतो, ती दोन्ही मूळची आफ्रिकेची, आणि फार तर साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी भारतात आलेली. जावळीच्या डोंगरात पिकणारी नाचणीही तिकडचीच. गहू व जव पश्चिम आशियातून आले. पण हुलगा आपला, मूग आपला, डोंगरउतारावर पिकणारी वरी आपली. माणदेशात दुष्काळाच्या दिवसांत ज्या हुलग्याच्या माडग्यावर पिढ्या जगल्या, ते माडगे दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्याच्या ताटातले आहे. गरिबाचे खाणे म्हणून त्याची उपेक्षा झाली, ती फार अन्यायाची झाली.

दुसरी वाट उत्तरेची, माळव्यातून तापी-गोदावरीवरून भीमेच्या खोऱ्यात उतरलेली; आणि तिची माहिती इतकी विपुल आहे की येथे थोडे थांबलेच पाहिजे. या वाटेने आलेल्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळाले ते संगमनेरजवळील जोर्वे या गावावरून, जेथे १९५०-५१ साली उत्खनन झाले. तांबूस, ठणठणीत भाजलेली भांडी, त्यांवर काळ्या रंगात रेखलेली नक्षी आणि लांब तोटी ही तिची ओळख. सातारा जिल्ह्याच्या अगदी वेशीवर, फलटणच्या पलीकडच्या तीरावर, कऱ्हा आणि नीरा यांच्या संगमाजवळच्या सोनगाव येथे १९६५ साली डेक्कन कॉलेजने या संस्कृतीची वसाहत खणून काढली. पण तिचे संपूर्ण चित्र मिळाले ते शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव येथे. १९६८ ते १९८३ एवढा काळ सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे खोदकाम चालले, शंभराहून अधिक घरे उघडी पडली, आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंतचे एक मराठी खेडे, ‘मराठी’ या शब्दाची चूक पत्करून मी तसे म्हणतो, आपल्यासमोर उभे राहिले.

त्या खेड्यात चौकोनी, कुडाच्या भिंतींची घरे ओळीने बांधलेली होती, आणि ओळींमधून वाटा होत्या. घरात चूल होती, आणि चार सपाट दगडांवर उभी करावयाची कणगी होती. मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार; ते घर गावच्या मुख्याचे असावे आणि कोठारातील धान्य त्याच्याकडे भरावयाच्या सारावाऱ्याचे असावे, असा ढवळीकरांचा अभिप्राय आहे. तो मान्य केला तर पाटलाची कचेरी आणि सरकारी गल्ला यांचे मूळ तीन हजार वर्षांच्या पलीकडे जाते. कुंभार, सोनार, चुनेवाला अशी कारागीर मंडळी गावाच्या पश्चिम कडेला राहत. पुराचे पाणी पाटाने वळवून त्यांनी शेताला दिले होते. जव हे मुख्य पीक. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, हुलगा. तांबे होते, पण महाग आणि दुर्मिळ, म्हणून रोजच्या कापणी-चिरणीला गारगोटीचीच पाती.

कोठारातील धान्य साठविण्यासाठी जमिनीत गोल खड्डे खणून ते आतून लिंपून घेतलेले होते. हे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा मला हरिपूर आठवले. सांगलीजवळ, वारणा-कृष्णेच्या संगमावरील हरिपुरात हळद साठविण्याची पेवे आहेत: तोंड अरुंद, पोट रुंद, खोली दोन-तीन पुरुष, तोंड बंद केले म्हणजे आत हवा नाही, म्हणून कीडही नाही, आणि उघडल्यावर आत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहावयाचा, तो विझला तर थांबावयाचे. नदीकाठची चिवट माती पेवाला लागते, आणि ती येथे विपुल आहे. २००५च्या महापुराने ही पेवे बुडविली आणि तो व्यवसाय खचला. एका खेड्याचा धंदा बुडाला एवढीच त्याची नोंद झाली. वस्तुतः जमिनीच्या पोटात धान्य जपण्याच्या एका अतिप्राचीन विद्येवर तो घाला होता.

इनामगावच्या लोकांनी आपले मृतही घरातच पुरले. लहान मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला निजवीत, आणि ती घराच्या जमिनीखाली खड्ड्यात आडवी ठेवीत. मोठ्या माणसाला उताणे पुरीत आणि घोट्याखालचे पाय तोडीत. मेलेल्याने उठून चालू लागू नये अशी काही भीती त्यामागे असावी. मात्र एका घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण निघाला, त्यात चाळिशीच्या सुमाराचा पुरुष बसविलेला होता आणि त्याचे पाय शाबूत होते. तो कोण होता हे रांजण सांगत नाही. त्याच्याविषयी भीतीपेक्षा आदर अधिक होता एवढे सांगतो. दुसऱ्या एका घराच्या कोपऱ्यात जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी मिळाली: आत मस्तक नसलेली एक स्त्रीमूर्ती, वर तशीच दुसरी मूर्ती आणि जवळ मातीचा बैल. बैलाच्या पाठीला छिद्र, मूर्तीलाही छिद्र, म्हणजे काडीने ती बैलावर बसविता येई. खिलारी बैलाची पोळ्याला आणि बेंदराला पूजा करणाऱ्या आपल्या मुलखाला त्या मातीच्या बैलाची ओळख करून द्यावयास नको.

आणि मग ते गाव खचले. इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, जवाची शेती घटली, भांड्यांचा घाट आणि भाजणी उतरली, लोक गुराढोरांच्या आणि शिकारीच्या आश्रयाला गेले, आणि इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास वस्ती ओस पडली. पाऊस हटला, असे ढवळीकरांनी म्हटले होते. या विधानाला आता सातारा जिल्ह्यातूनच पुरवणी मिळाली आहे. फुलांसाठी प्रसिद्ध असलेल्या कासच्या पठारावरील तळ्याच्या गाळाचा अभ्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केला. गाळातील परागकण आणि सूक्ष्म शैवाले यांवरून त्यांनी सुमारे आठ हजार वर्षांचे पाऊसमान ताडून पाहिले, आणि आजपासून सुमारे २८०० वर्षांपूर्वी नैर्ऋत्य मोसमी वारे मंदावल्याची खूण त्यांना आढळली. घोडेच्या काठी माणसाने घर सोडले आणि कासच्या तळ्यात पराग बदलले, या दोन गोष्टींचा काळ इतका जवळ यावा, हे मला फार महत्त्वाचे वाटते. नांगर सोडून मेंढराच्या मागे लागणे ही अधोगती आहे असे शहाणी माणसे आजही म्हणतात. पण आटपाडी-जतच्या माळावर दुष्काळात जगावयाचे कसे हे ज्याने शोधून काढले, तो इनामगावचा शेवटचा रहिवासी मूर्ख नव्हता. पाऊस होता तोवर त्याने काळी कसली, पाऊस गेला तेव्हा त्याने वाट धरली. आणि पांढरी ओस पडली तरी माणूस टिकला.

त्यानंतर लोखंड आले, लोखंडाच्या फाळाने काळ्या जमिनीचे चिवट पोट फाडता येऊ लागले, आणि पुढच्या काही शतकांत कऱ्हाडसारखी नगरे उभी राहिली. आगाशिवाच्या डोंगरातील लेणी त्यांचीच. तो भाग पुष्कळांनी लिहिला आहे, म्हणून मी येथेच थांबतो.

एक विनंती मात्र केल्यावाचून राहवत नाही. पांढरीची माती खतासाठी आणि धाब्याच्या घरांवर टाकण्यासाठी गाड्या भरभरून नेण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे; आता तिच्या जोडीला यंत्रे आली आहेत. वीटभट्ट्यांसाठी कृष्णेच्या दरडी खरवडल्या जात आहेत, वाळूबरोबर पात्रातील जुने गोटेही उपसले जात आहेत, आणि एकदा थर मोडला म्हणजे त्यातील दगड कितीही सुंदर असला तरी त्याची साक्ष संपते. वाईतून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने पुराणाश्मयुग, नवाश्मयुग, ताम्रपाषाणयुग हे शब्द मराठी वाचकाच्या घरी पोहोचविले; त्या शब्दांचे प्रत्यक्ष रूप ज्या मातीत आहे, ती माती राखणे आता वाचकाच्या हाती आहे. विहीर खणताना, बांध घालताना किंवा ओढ्याच्या दरडीत नक्षीचे खापर, राखेचा पट्टा, हाडांसह मडके अथवा टवके काढलेला निमुळता दगड दिसला, तर तो उचलून घरी नेऊ नये. जागा आणि खोली लिहून ठेवावी, आणि जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयाला, राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्यास डेक्कन कॉलेजला एक पत्र धाडावे.